न केलेल्या चोरीची साक्ष

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकही घर फोडलेलं नाही, हे मला लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात कळलं. तेही हे आमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत अडकले तेव्हा.

झालं असं की रविवारी चर्चमधून परत आलो तर घराची किल्ली आतच राहिलेली. ह्यांचा धंदा किल्ल्या बनवायचा, कुलपं उघडून द्यायचा. पण हत्यारं दुकानात आणि दुकानाची किल्ली घरात. मी मात्र अगदी निर्धास्त होते. म्हटलं, "अहो, सात घरं फोडलीत ना? हे आठवं समजा." हे खिडकीवर चढले. डोकं आत गेलं, खांदे गेले, आणि कमरेपाशी सगळा कारभार थांबला. ना आत, ना बाहेर, पाय हवेत. शेवटी शेजारच्या शिंपीणबाईंनी एक पाय आणि मी दुसरा धरून ओढलं तेव्हा सुटले. पँटचा खिसा खिडकीलाच राहिला.

संध्याकाळी शिंपीणबाईंनी खिसा शिवून दिला, आणि ह्यांनी मान खाली घालून मला सांगितलं, "मी कधी चोरी केलेली नाही. ते सगळं बनवलेलं आहे."

तुम्ही म्हणाल, नवरा चोर नाही हे कळल्यावर बायकोला आनंदच व्हायला हवा. पण आमची तऱ्हा उलटी होती. माझं लग्न मुळी त्या चोरीमुळेच झालं होतं.

आमच्या चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते. तिथे ज्याला वाटेल तो उभा राहून साक्ष देतो. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आपण कसे होतो आणि प्रभूनं आपल्याला कुठून उचललं, ते चारचौघांत सांगायचं. सत्तावीस वर्षांचे असताना ह्यांना त्यांची मोठी बहीण पहिल्यांदा तिथे घेऊन आली. त्या दिवशी एका ट्रक ड्रायव्हरनं आपल्या दारूची गोष्ट सांगितली. मग एका खाटकानं सख्ख्या भावाचं डोकं फोडल्याची. दोघंही खाली बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, जड पेटी उतरवून ठेवल्यावर हमालाच्या चेहऱ्यावर येतं, तसलं काहीतरी आलं. हे म्हणतात, "मला तेच हवं होतं." म्हणून हे उभे राहिले. खरंच काहीतरी सांगायचं होतं ह्यांना. पण दुसऱ्या ओळीत ताई बसलेली, कौतुकानं बघत. ह्यांच्या तोंडून "मी चोरी केली" एवढंच निघालं आणि पुढचं घशात अडकलं. कानानं जरा कमी असलेले एक म्हातारे पंच मोठ्यानं म्हणाले, "काय चोरलंस रे?"

"घरं फोडली," हे म्हणाले.

"किती?"

"तीन."

झालं. मंडळींनी प्रभूची स्तुती केली, बायकांनी डोळे पुसले, ताईनं मिठी मारली. ती तेव्हा लाँड्रीत रात्रपाळी करायची, त्यामुळे भाऊ रात्री कुठे असतो हे तिलाही ठाऊक नव्हतं. खोटं एकदा बोललं की त्याला खायला घालावं लागतं. दर वर्षी कुणीतरी म्हणे, "तुमची साक्ष द्या ना," आणि दर वर्षी ती बाळसं धरे. तीन घरांची सात झाली. एक उंच भिंत आली. एक कुत्रा आला. शेवटी एक आजीबाईही आल्या, ज्या जाग्या होतात आणि ओरडायच्या ऐवजी ह्यांना पाणी विचारतात. आजीबाईंपाशी सगळं चर्च रडायचं. मुलं ह्यांना "माजीकाका" म्हणत; माजी चोर म्हणून माजीकाका. आणि अख्ख्या मंडळीनं आपापल्या घराच्या जादा किल्ल्या ह्यांच्याकडेच ठेवायला दिल्या होत्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, ते आमच्याकडे म्हण नव्हती, खुंटीवर टांगलेलं होतं.

माझे वडील मेकॅनिक, स्वभावानं संशयी. दोन चांगली स्थळं त्यांनी परत पाठवली होती. ह्यांची साक्ष ऐकून मात्र म्हणाले, "जो माणूस एवढ्या लोकांसमोर एवढं कबूल करतो, तो बायकोशी कधी खोटं बोलणार नाही."

म्हणून त्या संध्याकाळी मी आधी पोट धरून हसले, आणि मग म्हटलं, "हे सांगून टाका चर्चमध्ये." हे म्हणाले, "पुढच्या रविवारी." तो पुढचा रविवार तेवीस वर्षं आला नाही. माझ्या वडिलांचं मन मोडेल, हे कारण मी दिलं. ताईचं मोडेल, हे ह्यांनी. वडील वारले, तेव्हा आणखी एक कारण शोधलं. दोष एकट्या ह्यांचा नाही. मीही पहिल्या ओळीत बसून, कुत्रा आला की "अरे देवा" म्हणायची.

पण एक गोष्ट मला तेव्हापासून टोचत होती. साक्ष देऊन आले की ह्यांना बरं वाटत नसे. बाकीचे हलके होऊन जातात आणि हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडतात. मी विचारलं की म्हणत, "दमलोय."

मग आमच्या चर्चला नवे पाळक, म्हणजे पास्टर, आले. उंच, घाईत चालणारे, दाराच्या चौकटीला नेहमी डोकं आपटणारे. दर गुरुवारी ते तुरुंगात जाऊन कैद्यांबरोबर बसत. एका रविवारी त्यांनी सोबत एक माणूस आणला. पन्नाशीचा, दांडगा, पण बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. पाळक म्हणाले, "हे आपले पाहुणे." सहा वर्षं शिक्षा भोगून बाहेर आले होते, गुन्हा घरफोडीचा. तेव्हापासून त्यांचं नावच पाहुणे पडलं. ते स्वतःच म्हणत, "बरोबर आहे. आयुष्यभर बोलावल्याशिवायच गेलो लोकांच्या घरी."

पाळकांनी ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "ह्यांना तुमच्या दुकानात काम द्या. ह्यांचं मन तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण नाही कसं म्हणणार?

आमचं दुकान म्हणजे बाजाराच्या पायऱ्यांखालची दोन पावलं रुंद जागा. मागच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा, पुढे घासायचं यंत्र, एक शेगडीएवढं टेबल, आणि पितळेचा बारीक भुगा सगळीकडे, अगदी ह्यांच्या भुवयांतसुद्धा. तिथे आता दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसू लागली. पाहुण्यांचा हात फार सफाईदार. आठवड्याभरात ते ह्यांच्यापेक्षा बारीक किल्ली घासायला लागले. दुपारी दोघं जेवायला घरी येत, आणि ते जेवण म्हणजे ह्यांची परीक्षाच असे.

"त्या तिसऱ्या घराला कुलूप कुठलं होतं?" पाहुणे अगदी साधेपणानं विचारत.

"साधंच. लोखंडी."

"आणि कडी आतून?"

"आतून. म्हणजे बाहेरून पण होती."

"कुत्र्याला काय दिलंत?"

"बिस्किट."

पाहुण्यांनी घास थांबवला. "राखणीचा कुत्रा परक्याच्या हातचं बिस्किट खात नाही."

"भुकेला होता हो," हे म्हणाले आणि ठसका लागला. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि तोंडात पदर कोंबून हसले.

पण हसू फार दिवस टिकलं नाही. चर्चला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पाळकांना वाटलं, त्या रविवारी दोन साक्षी व्हाव्यात: एक जुनी, ह्यांची, एक नवी, पाहुण्यांची. गुरुवारी दुपारी जेवताना पाहुण्यांनी हा विषय काढला आणि ताट पुढे सरकवलं.

"मी नाही बोलणार. तुम्ही बोला. तुमची गोष्ट चांगली आहे. तिच्यात कुणाला लागत नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी बोटं पुसली. मग त्यांनी सांगितलं. एका घरातून त्यांनी एक पत्र्याची पेटी उचलली होती. कुलूप होतं म्हणून वाटलं, दागिने असतील. उघडली तर आत लहान मुलाचे पडलेले दुधाचे दात, एक छोटा मोजा आणि चार-पाच पत्रं. त्यांनी वैतागून पेटी कालव्यात फेकली. पुढे पकडले गेले. कोर्टात त्या घरातली बाई आली, आणि गेलेल्या वस्तूंबद्दल एक शब्द न बोलता तिनं एवढंच विचारलं, "माझी पेटी कुठे आहे? माझं लेकरू गेलंय. तेवढंच उरलं होतं."

"तुमची आजीबाई पाणी विचारते," पाहुणे म्हणाले. "माझी बाई पेटी विचारते. तुमच्यासारख्या पापाला क्षमा मिळत असेल, मला पटतं. सोपं पाप आहे. माझं त्यात कुठे बसतं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं. हातातला ब्रेडचा तुकडा तसाच.

"माझं पाप खोटं आहे," हे म्हणाले. "मी कधी कुणाचं घर फोडलं नाही. पण मी एक पत्र जाळलंय."

तेवीस वर्षांत जे मी ऐकलं नव्हतं ते मी त्या टेबलाशी ऐकलं. हे एकोणीस वर्षांचे, ताई बावीसची. वडील नाहीत, आई अंथरुणाला खिळलेली. ताईनं नर्सिंगच्या कॉलेजला अर्ज केला होता. दूरच्या शहरात तीन वर्षं. रोज पोस्टमनची वाट बघायची. एक दिवस ती पाणी भरायला गेली असताना पोस्टमन आला आणि पत्र ह्यांच्या हातात पडलं. हे घाबरले. ताई गेली तर आईचं कोण करणार? स्वयंपाक कोण करणार? ह्यांचं कोण करणार? तीन दिवस पत्र खिशात ठेवलं, उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत. चौथ्या दिवशी शेगडीत घातलं. ताईनं आणखी महिनाभर वाट पाहिली, मग म्हणाली, "नाही झाली माझी निवड. आपण ढच." आणि लाँड्रीत कामाला लागली. त्या लाँड्रीकडे हॉस्पिटलचं काम होतं. तेहतीस वर्षं ह्या ताईनं, माझ्या वन्संनी, नर्सबायकांच्या युनिफॉर्मना इस्त्री केली.

"त्या बुधवारी मला हेच सांगायचं होतं," हे म्हणाले. "ती समोर बसली होती. जमलं नाही."

मला राग आला का? आला. उठून ताटं आपटावीशी वाटली. पण त्याआधीच पाहुणे बोलले, नेहमीसारखंच हळू.

"तुम्ही चोर नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"अहो, तुम्ही सांगता त्या खिडकीतून मांजर गेलं तरी गज वाजतील. आणि तो कुत्रा!" ते पहिल्यांदाच हसले. "माझ्या मनात आलं, हा माणूस खोटा दरवाजा दाखवतोय, म्हणजे खरी खोली दुसरीकडे असणार. पण मी काम सोडून गेलो नाही. कारण चोर नसताना आपणहून चोरांच्या बाकावर येऊन बसलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. पाळक तुरुंगात सांगायचे, प्रभूही तसाच होता म्हणे, शेवटपर्यंत दोन चोरांच्या मधोमध. फरक एवढाच, त्याला लपवायचं काही नव्हतं. तुम्हाला आहे."

शुक्रवारी हे पाळकांकडे गेले. मी सोबत होतेच. माझाही हिशेब व्हायचा होता. पाळकांनी सगळं ऐकलं. आधी ते मोठ्यांदा हसले, मग गंभीर झाले, मग पुन्हा हसू आलं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दहा आज्ञांतली नववीच मोडलीत की हो. खोटी साक्ष! तीही साक्षीच्या वेळी!" मग ते ह्यांच्या शेजारी येऊन बसले. "तुम्हाला एक विचारू? इतकी वर्षं साक्ष देऊन तुम्हाला कधी हलकं वाटलं?"

"नाही. एकदाही नाही."

"कसं वाटणार? तुम्ही न केलेल्या पापाची क्षमा मागत होता. देव खरा आहे, त्याची क्षमाही खरी आहे; खोट्या पापाला ती चिकटणार कशी? जे केलंय ते द्या त्याच्या हातात. त्याला माहीतच आहे. तो पंचवीस वर्षं हात पुढे करून उभा आहे, आणि तुम्ही त्यावर दर वर्षी एक कुत्रा ठेवताय."

हे रडले. मीही रडले. पाळकांनी प्रार्थना केली, आणि आम्हाला सोडायला येताना चौकटीला डोकं आपटून घेतलं.

शनिवारी सकाळी वन्संकडे जायचं ठरलं. निघताना पाहुणे दारात उभे होते. त्यांना प्रार्थना करायची सवय नव्हती. डोळे घट्ट मिटून म्हणाले, "प्रभू, ह्यांच्यासोबत जा. पाय कापतायत त्यांचे." एवढंच. मी आजवर ऐकलेल्या लांबलचक प्रार्थनांत इतकी मुद्द्याची दुसरी आठवत नाही.

वन्सं एकट्या राहतात, तळमजल्यावर दोन खोल्यांत. निवृत्त झाल्या तरी हात स्वस्थ बसत नाही. पडदे, उशांचे अभ्रे, इतकंच काय, भांडी पुसायच्या फडक्यालाही इस्त्री. आम्ही गेलो तेव्हा अभ्र्यांचा ढीग चालला होता. "आलात? चहा घ्याल ना?" म्हणाल्या.

"ताई, आधी ऐक," हे म्हणाले, आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. कुलूप नाही, कुत्रा नाही, आजीबाई नाहीत. फक्त पत्र, तीन दिवस खिशात आणि मग शेगडी. काही सजवलं नाही, काही गाळलं नाही. मी ह्यांना असं बोलताना कधीच पाहिलं नव्हतं.

वन्संचा हात इस्त्रीवर तसाच राहिला. जळका वास आला. मी धावत जाऊन इस्त्री उचलली, तर पांढऱ्या अभ्र्यावर तांबूस ठसा उमटलेला.

"पाकीट जाड होतं की पातळ?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"अरे, पाकीट! जाड की पातळ?"

"जाड," हे म्हणाले. "आत बरेच कागद होते. निवड झाल्याचं पत्र होतं आणि फॉर्म. मी वाचलं होतं."

वन्सं खुर्चीत बसल्या. मग उठल्या. मग दार उघडून थेट बाहेर गेल्या आणि समोरच्या जिन्यावर भाजी निवडत बसलेल्या शेजारणीला ओरडून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? माझी निवड झाली होती! नर्सिंगला! मी नापास नव्हते झाले!"

शेजारणीला काहीच संदर्भ नव्हता, पण बाई भल्या. म्हणाल्या, "अभिनंदन हो!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेहतीस वर्षं एकटे हेच लाजेनं मान खाली घालून जगत नव्हते. वन्संही जगत होत्या. एवढी हुशार बाई, पण चर्चमध्ये काही वाचायला सांगितलं की म्हणायच्या, "मी ढ, मला कशाला?" आम्ही तो विनय समजत होतो. विनय कसला, ती जखम होती, आणि तिच्यावरचं औषध माझ्या नवऱ्यानं जिभेखाली दाबून ठेवलं होतं.

वन्सं परत आत आल्या. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू, आणि हातात ओलं फडकं. त्या फडक्यानं त्यांनी ह्यांना खांद्यावर तीन फटके दिले.

"धाकट्या, नालायका! आईचं मी बघितलंच असतं रे! मावशीला आणून ठेवलं असतं, काहीही केलं असतं. मला एकदा विचारायचंस तरी!"

"चुकलो, ताई."

"आता जा. मला तुझं तोंड बघायचं नाही."

"ताई..."

"जा म्हटलं ना."

आम्ही आलो. वाटेत ह्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. पण घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले नाहीत, हे मी पाहिलं. टेबलापाशी बसले आणि दोन अंडी मागून खाल्ली.

रविवारी चर्च गच्च भरलेलं. दुसऱ्या ओळीतली वन्संची जागा रिकामी. पाळकांनी ह्यांना बोलावलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना कुत्रा हवा होता. हे पुढे गेले आणि म्हणाले, "मी आजवर तुमच्याशी खोटं बोललो." आणि सगळं सांगितलं, जसं आदल्या दिवशी सांगितलं होतं तसंच. मग मी उठले. ठरलं नव्हतं, पण बसवेना. म्हटलं, "मला तेवीस वर्षं माहीत होतं. मीही गप्प राहिले. मलाही क्षमा हवी आहे."

मग ते म्हातारे पंच, आता नव्वदीचे, कानाला हात लावून म्हणाले, "म्हणजे कुत्रा पण नव्हता?"

"नव्हता, बाबा."

"अरेरे," ते म्हणाले. "मला तो आवडायचा."

हशा पिकला. पण सगळेच हसले नाहीत, हेही सांगायला हवं. एक बाई उठून म्हणाल्या, "माझा मुलगा वाया जात होता तेव्हा मी त्याला तुमचं उदाहरण दिलं होतं. आता काय सांगू?" आणि त्या निघून गेल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ह्यांनी मान खाली घातली, पण जागा सोडली नाही.

तेवढ्यात अगदी मागून, दारापासच्या बाकावरून आवाज आला. वन्सं. कधी आल्या होत्या कुणास ठाऊक.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या. "कालपासून प्रभू मला सांगतोय, माफ कर. मी त्याला म्हटलं, थांब जरा, मी अभ्रे धुतेय. रात्रभर थांबला तो. सकाळी परत तेच. माझी स्वतःची यादी काढायला बसले, कुणाकुणाकडून मला माफी हवी आहे त्याची, तर ती यादी काही छोटी निघेना. म्हणून सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. धाकट्या, मी तुला माफ केलं. पण राग एकदम नाही जायचा. तो अधूनमधून येईल, आणि आला की तू मुकाट्यानं ऐकून घ्यायचंस. कळलं?"

"कळलं, ताई."

"आणि मंडळींनो, माझी निवड झाली होती. तेवढं लक्षात ठेवा."

लोक हसत होते, रडत होते. अशा गोंधळात पाहुणे उठले. कुणी बोलावलं नव्हतं. पुढे आले, आणि त्या हळू आवाजात पेटीची गोष्ट सांगायला लागले. सगळं चर्च पुढे वाकलं.

त्यानंतर सगळं एकदम गोड झालं असं नाही. दोन घरांनी आपल्या किल्ल्या परत नेल्या. गंमत बघा, चोर होते तोवर विश्वास होता, चोर नाहीत हे कळल्यावर गेला! शेजारच्या चर्चनं ह्यांना भाषणाला बोलावलं होतं, ते रद्द झालं. मुलांना वाईट वाटलं, मग एका मुलीनं तोडगा काढला: हे आता "माजी माजी चोर".

पाहुणे आणि हे त्या पेटीवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी दार उघडलं, उंबऱ्यावरच उभं करून सगळं ऐकून घेतलं, आणि एक शब्द न बोलता दार लावलं. मला वाटलं, पाहुणे खचून येतील. ते म्हणाले, "त्यांनी माफ करावं असा माझा हक्क नाही. पण मी लपून नाही आलो, दारातून गेलो. पहिल्यांदाच." आणि संध्याकाळपर्यंत चौदा किल्ल्या घासल्या. त्या बाईंसाठी ते रोज प्रार्थना करतात. अजून तरी त्यांच्याकडून काही निरोप नाही.

आणि वन्संनी काय केलं? हॉस्पिटलात घरच्या रुग्णांची देखभाल शिकवणारा सहा महिन्यांचा वर्ग असतो, त्यात नाव घातलं. वर्गात सगळ्या विशीच्या मुली आणि ह्या पंचावन्नच्या. पहिल्या आठवड्यात रक्त बघून चक्कर आली. उठून बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, बाविसाव्या वर्षी आली असती तर घरी पाठवलं असतं." आता मंगळवार, शुक्रवार आमच्याकडे अभ्यासाला येतात. हे पुस्तक धरून प्रश्न विचारतात, पाहुणे शेजारी बसून बरोबर उत्तराला मान हलवतात, आणि मी बटाटे सोलत ऐकते.

कालच हे विचारत होते, "ताई, मोठ्या माणसाच्या अंगात एकूण हाडं किती?"

"दोनशे सहा," वन्सं ताडकन म्हणाल्या. मग चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघत राहिल्या. राग आला होता. आम्हाला आता ओळखू येतो. "त्यातलं तुझं कुठलं मोडू, सांग."

"तुला हवं ते, ताई," हे म्हणाले, आणि पान उलटलं.